भोक पाडलेला राजा

"गोमतीबाईले आजचा पैसा चालत नाही," असे मेडशीजवळच्या तांड्यातल्या शेजारणी म्हणत. "नोट देल्ली तं वापस करते, अन मेलेल्या राजाचा पैसा देल्ला तं सव्वा महिना पोट्टं न्हाऊ घालते." कोणी म्हणे, डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणे, नातवंडांसाठी धन पुरून ठेवत असेल. शेजारच्या गंगूबाईचे मत मात्र वेगळे होते. ती हातातले काम न थांबवता सांगे, "डोकं गिकं काही फिरलं नाही वं तिचं. ते राग करते. दुसऱ्याच्या रागाले खायले-प्याले लागते, हिच्या रागाले पैसा लागते. तो बी जुना."

गंगूबाईचे म्हणणे खरे होते.

गोमतीबाई राठोड यांचा व्यवसाय म्हणजे नवजात बाळांना तेल लावून न्हाऊ घालणे आणि बाळंतिणीचे अंग रगडणे. मेडशी आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली दोन पिढ्यांतली मुले त्यांच्या पायांवर आडवी पडून मोठी झाली आहेत. माझा धाकटा भाऊही त्यांतलाच. उंच, सडपातळ बांधा, हातांची बोटे लांब आणि कोरडी, बोलणे तुटक. बाळ रडू लागले की त्या त्याची समजूत घालत नसत. "रड," म्हणत, "छाती मोकळी होते." आणि काही वेळाने बाळ निमूट पडून राही.

ही कामाची गोष्ट. रागाची गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू होते.

आई भागिरथाबाई तांड्यातल्या होळीच्या नाचात बायकांच्या रिंगणाची पुढारी असे. तिची ओढणी तिच्या आईच्या हातची होती. तिच्या काठाला इंग्रजांच्या काळातले हलके पैसे ओळीने टाचलेले होते: पाव आण्याचे मोठे पैसे, अर्धे पैसे आणि सर्वांत धाकटी पै. त्यांतले बरेचसे ब्राँझचे. पण तांड्यात लालसर दिसणाऱ्या कोणत्याही धातूला तांबेच म्हणतात. प्रत्येक पैशाला अगदी काठाशी बारीक भोक पाडलेले होते, म्हणजे तो कापडाला लटकून राही आणि शेजारच्या पैशावर आपटे. भागिरथाबाई वाकून टाळी देत तेव्हा सगळा काठ एकदम खळाळे, आणि मागच्या बायकांचे पाऊल त्या आवाजावर पडे. पुरुषांचा डफ होताच. पण बायका डफाकडे लक्ष देत नसत.

रिसोडला भांड्यांचे दुकान असलेला रविकांत दर दिवाळीआधी जीपमध्ये भांडी घालून तांड्यांवर येई आणि जुन्या तांब्या-पितळेच्या मोडीवर नवी स्टीलची भांडी देई. त्या काळात त्याला जुनी नाणी जमवण्याचा नवाच नाद लागला होता. एका फेरीत त्याने भागिरथाबाईची ओढणी वाळत पडलेली पाहिली.

"मावशी, ही ओढणी मला थोडे दिवस द्या. वाशिमला कॉलेजात प्रदर्शन आहे. काचेच्या पेटीत ठेवू. खाली तुमचं नाव लिहू."

"कायले?" भागिरथाबाई म्हणाली. "ओढणी पाहाची असन तं होळीले ये. पेटीत ते मेल्यावानी दिसन."

गोमतीबाईच मध्ये बोलल्या. तांड्याच्या रीतीने त्या आईला याडी म्हणत. "देऊन दे याडी. चांगला माणूस हाये. मागल्या साली आपला फुटका हंडा वापस घेतला त्यानं, एक शब्द बोलला नाही."

आईने लेकीकडे पाहिले आणि ओढणी घडी करून दिली.

ओढणी परत आली तेव्हा गोमतीबाई मेडशीला एका बाळंतिणीकडे होत्या. रविकांत स्वतः ती घेऊन आला होता आणि खुशीत होता. पैसे काढून घेऊन त्यांच्या जागी त्याने पत्र्याच्या चकचकीत टिकल्या शिवून घेतल्या होत्या. शिवणाऱ्याने कामही नीटस केले होते. "बघा मावशी, किती हलकी झाली," तो म्हणाला होता. "या वयात एवढं ओझं कशाला वागवायचं? ह्या काळ्यासुद्धा पडणार नाहीत." वर त्याने झाकणाचा एक स्टीलचा डबा भेट दिला होता. गोमतीबाई घरी आल्या तेव्हा आई ओढणी मांडीवर घेऊन बसली होती.

"हलकी झाली म्हणते," आई एवढेच म्हणाली.

होळीला भागिरथाबाईने तीच ओढणी घेतली. दुसरी घेण्याचे तिच्या मनातही आले नसावे. दुपारी रिंगण धरले, गाणे सुरू झाले, ती वाकली, टाळी दिली आणि काहीच वाजले नाही. मागच्या बायकांचे पाऊल चुकले. पुन्हा धरले, पुन्हा चुकले. एक तरुण सून हसून म्हणाली, "काय वं आजी, आज ओढणी मुकी झाली काय?" हसणारीच्या मनात वाईट काही नव्हते, आणि त्यामुळेच बाकीच्याही हसल्या. भागिरथाबाई रिंगणातून बाहेर आली, घरात गेली, ओढणी घडी करून ठेवली आणि पुढे पोळी लाटायला बसली. पुढची होळी तिने पाहिली नाही.

ती गेली त्या दिवशी गोमतीबाईंनी ब्लेडने एकेक टिकली उसवून काढली. काठाला नुसते दोऱ्याचे शेंडे राहिले. तसल्या ओढणीत आईला चितेवर ठेवले. "देऊन दे याडी" हे आपलेच शब्द होते, हे त्यांनी त्यानंतर कधी कोणाला बोलून दाखवले नाही. गंगूबाईला ते ठाऊक होते, कारण ती त्या वेळी कुडापलीकडे शेण थापत होती.

दिवस-पाणी झाल्यावर गोमतीबाई एसटीने रिसोडला गेल्या आणि रविकांतच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या मायचे पैसे दे," त्या म्हणाल्या. त्याआधी त्या त्याला 'भाऊ, तुमी' म्हणत.

रविकांत वाईट चालीचा माणूस नाही, असे रिसोडचे लोक सांगतात, आणि ते खरे असावे. त्याने त्यांना गादीवर बसवले, भागिरथाबाई गेल्याचे ऐकून हळहळ केली, चहा मागवला.

"ताई, ती नाणी आता नाहीत हो."

"कुठी गेली?"

"अकोल्याला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा होता. मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. त्यांनी हातातसुद्धा धरली नाहीत. भोक पाडलेलं नाणं म्हणजे बाद. मला तेव्हा कुठे माहीत होतं! मग काय करणार, दुकानातल्या मोडीत टाकली. गेली भट्टीला."

गोमतीबाईंनी भिंतीकडे पाहिले. तिथे काचेच्या चौकटीत नाणी लावलेली होती आणि त्यांत इंग्रजी अमलाच्या शेवटच्या वर्षांतला, मधोमध मोठे भोक असलेला पैसाही होता.

"अन हा? याले तं मधात एवढं मोठं भोक हाये."

"तो टाकसाळीतूनच तसा निघाला. सरकारनं पाडलेलं भोक चालतं, ताई. तुम्ही लोक घरी पाडता ते नाही."

"म्हन्जे राजानं पाडलं तं चालते, अन आमच्या बाईनं पाडलं तं नाही चालत."

रविकांत हसला. "असंच समजा. घरी एक भोक पाडलं की नाणं मेलं."

"मेलं?"

"मेलं. फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

गोमतीबाईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि त्या उठल्या. परतताना एसटी बदलायला मालेगावला उतरल्या, तेव्हा बसस्थानकाबाहेर घिसाड्याचे पाल होते. त्याच्याकडून त्यांनी धातूला भोक पाडण्याचा एक पोलादी सुंबा करून घेतला. टोक किती बारीक हवे, हे ठरवण्यासाठी त्याने विचारले, "कायले पाह्यजे?"

"राजाचं डोकं फोडाले," गोमतीबाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी न्हाऊ घालण्याचा मोबदला बदलला. सव्वा महिना पूर्ण झाल्यावर घरचे लोक लुगडे आणि पायली-दोन पायली धान्य पुढे करत. त्या धान्य घेत, कारण चूल पेटली पाहिजे. लुगडे आणि नोटा परत करत. "घरात जुना तांब्याचा पैसा असन तं पाहा," म्हणत. आणि पैसा निघे. देव्हाऱ्यातल्या पाटाखाली, हळदीच्या डब्याच्या तळाशी, ट्रंकेच्या कोपऱ्यात, मेलेल्या सासूच्या बटव्यात, लहान मुलाच्या करगोट्याला चिंधीत बांधलेला. लोकांना वाटे, आपण स्वस्तात सुटलो.

गोमतीबाईंना अक्षरओळख नव्हती. पैसे त्या तोंडावरून ओळखत. राणीचा तो 'बाईचा', मुकुट नसलेल्या एडवर्डचा तो 'टकल्याचा', त्यानंतरचे जॉर्ज ते सगळे 'मुकुटवाल्याचे'. घरी आल्यावर हाताला उरलेल्या तेलाने त्या पैसा चोळत, तोंड नीट दिसू लागले की अंगणातल्या दगडावर ठेवत आणि सुंबा टेकवून हातोडा मारत. भोक काठाला नसे. ते राजाच्या कपाळाच्या मधोमध असे.

गंगूबाईच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आले.

"काय वं गोमती, मधात भोक पाडलं तं पैसा लटकन कसा? कपड्याले चिकटून राहीन. वाजणार नाही."

"वाजाले नाही पाडून राह्यली."

"मंग?"

"मराले."

तरीही त्या पैसे फेकून देत नसत. जाड मांजरपाटाच्या एका ओढणीवर ते टाचत राहिल्या. पैसे कापडाला सपाट बसत आणि ओढणी फक्त जड होत गेली. आईच्या ओढणीसारखे तिच्यात काही नव्हते. मला वाटते, आईसाठी म्हणून जे सुरू झाले असेल, त्यातून आई हळूहळू बाहेर गेली आणि रविकांत तेवढा उरला.

तिकडे रविकांतचा नाद वाढत गेला. तरुण वयात त्याला कोणतेही नाणे चाले; पुढे त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला. दुकानाच्या माडीवर एक खोली तयार केली आणि ठरवले की, इथे फक्त वाशिम जिल्ह्यातल्या घरांत सापडलेलेच पैसे लावायचे, राणीच्या काळापासून इंग्रज गेले त्या वर्षापर्यंतचे, प्रत्येक वर्षाचा एक. बाजारात विकत मिळणारा पैसा त्याला नको होता. कुठल्या गावात, कोणाच्या घरी सापडला, तेही खाली लिहायचे होते. या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि गोमतीबाईंच्या हाती तो नियमच लागला.

रविकांत जीप घेऊन दारोदार जाई. ज्या घरी पूर्वी हमखास काही निघे, तिथल्या बाया आता दारातूनच सांगत, "होते बाप्पा. गोमतीबाई घेऊन गेली."

"मी चांगले पैसे दिले असते."

"आमच्या पोट्ट्याची मान धरली तिनं. तुमी काय धरलं?"

मेडशी झाली, तिच्या भोवतालचे तांडे झाले. नात्यातल्या एका बाळंतपणासाठी गोमतीबाई इंझोरीला राहिल्या आणि तिथलेही पैसे भोके पाडून घेऊन आल्या. दुसऱ्या गावांतल्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांशी त्यांनी बोलणी केली. त्या बायकांनाही ही मागणी हसण्यासारखी वाटली असेल, पण गोमतीबाई बदल्यात स्वतः काढलेले करंजाचे तेल देत, म्हणून त्या पैसे आणून देत. रविकांतच्या माडीवरच्या बऱ्याच जागा तरीही भरल्या, कारण जिल्हा मोठा आहे. पण काही जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या.

या सगळ्यात ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांचेही नुकसान झाले. मेडशीच्या शाळेतले शिक्षक अश्वजित एकदा तांड्यावर आले. मुलांना इतिहास शिकवताना दाखवायला एक जुना पैसा हवा होता.

गोमतीबाईंनी ओढणीचा एक पैसा उसवून दिला.

"मावशी, बिनभोकाचा नाही का एखादा? पोरं विचारतील, राजाच्या कपाळाला काय झालं."

"सांग, मेला."

शिक्षक हसले, पण रिकाम्या हाताने गेले. एका घरी नातवाच्या करगोट्यातला पैसा सुनेने परस्पर देऊन टाकला. तो आपल्या नवऱ्याची आठवण होता, म्हणून तिची म्हातारी सासू रडत तांड्यावर आली, तेव्हा त्या पैशाला भोक पडून गेले होते. गोमतीबाईंनी तो उसवून तिच्या हातावर ठेवला. म्हातारीने भोकातून पलीकडचे पाहिले आणि निघून गेली. त्या दिवशी गोमतीबाई जेवल्या नाहीत, असे त्यांचा मुलगा खेमा सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सुंबा हातात घेतला, असेही तोच सांगतो.

गेल्या वर्षी थंडीत मेडशीच्या पुंजाजींची नात धम्मदीपा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती अकोल्याला एका कार्यालयात नोकरीला आहे. बाळ दिवस भरण्याआधी झालेले, तळहाताएवढे. दवाखान्यातून घरी सोडल्यावर गोमतीबाई त्या घरी जाऊ लागल्या. थंडी सरेपर्यंत त्यांनी ते बाळ कापसात, शेकात आणि स्वतःच्या पोटाशी धरून सांभाळले. बाळाने बाळसे धरले, तेव्हा पुंजाजींनी वडिलांच्या लोखंडी पेटीतून चिंधीत गुंडाळलेला एक पैसा काढला.

"तुले हेच पाह्यजे असते म्हणतात, बाई."

धम्मदीपाने तो आधी स्वतःच्या हातात घेतला. सन एकोणीसशे अकराचा, पाचव्या जॉर्जचा पाव आणा. त्या वर्षीच्या नाण्यांवर राजाच्या झग्यावर जो बारीक हत्ती कोरला होता, त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके खुजे होते की लोकांना तो डुकरासारखा दिसला. त्यावर ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून हत्ती नीट कोरला गेला. धम्मदीपाने हे मोबाइलवर शोधून काढले, तिला गंमत वाटली, आणि 'राजाच्या अंगावर डुक्कर' असे लिहून तिने पैशाचा फोटो सर्वांना दिसेल असा ठेवला.

रविकांतच्या माडीवर नेमकी एकोणीसशे अकराची जागा रिकामी होती. फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची जीप पुंजाजींच्या दारात उभी राहिली.

"पैसा आता माहा नाही," पुंजाजी म्हणाले. "गोमतीबाईचा हाये. तांड्यावर जा."

तांड्यावर तो लगेच गेला नाही. कोणाकडे जायचे आहे, हे त्याला ठाऊक होते.

इकडे, रविकांत पुंजाजींच्या दारी येऊन गेल्याचे ऐकल्यावर, गोमतीबाईंनी तो पैसा तेलाने चोळला, पण दगडावर ठेवला नाही. चिंधीत बांधून कमरेला खोचला. खेमाला नवल वाटले.

"याडी, याले काहून भोक नाही पाडलं?"

"तो येऊ दे."

"कोन?"

"ज्याले पाह्यजे तो."

रविकांत आला तो दुपारच्या वेळी. केस पांढरे झालेले, गुडघा दुखत असल्यामुळे जीपमधून उतरायला वेळ लागला. हातात कापडाची एक भरलेली पिशवी होती. गोमतीबाईंनी त्याला बाज टाकून दिली. खेमाच्या बायकोने चहा ठेवला. गंगूबाई कुडाशी येऊन उभी राहिली. तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी जा म्हटले नाही.

"ताई, आता आपण दोघंही म्हातारे झालो," रविकांत म्हणाला. "माझी ती एकच जागा उरली आहे. बाकीच्या ज्या रिकाम्या होत्या, त्या रिसोडच्या बाजूच्या गावांतून भरल्या. ही काही भरत नाही. तो पैसा मला द्या. मी फुकट मागत नाही."

त्याने पिशवी उचलून हलवली.

ती खळाळली. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. त्यांतल्या वयस्क बायकांना तो आवाज आठवत होता.

"अकोल्याच्या आणि अमरावतीच्या मित्रांकडून मागून आणले. सगळे भोक पाडलेले, सगळे काठाला, तुमच्या लोकांत पाडतात तसे. तुमच्या आईच्या ओढणीवर होते त्याहून जास्त आहेत. तशीच ओढणी करा. होळी जवळ आली आहे."

गोमतीबाईंनी पिशवीत हात घातला, मूठ भरली आणि पैसे पुन्हा पिशवीत सोडले. आवाज ऐकला. पुन्हा मूठ भरली. खेमाने आईचा चेहरा इतका मऊ झालेला लहानपणापासून पाहिला नव्हता, असे तो म्हणतो.

"दे नं याडी," तो हळूच बोलला. "एक पैसा तं हाये."

"देऊन टाक वं," कुडापलीकडून गंगूबाई म्हणाली. "माणूस दारात आला."

रविकांतला धीर आला. तो म्हणाला, "ताई, माझं तेव्हा चुकलंच. इतकी वर्षं मनात आहे. मला खरोखरच कळत नव्हतं."

"काय कळत नोतं?"

"हेच, की भोक पाडलेल्या नाण्यांना काही किंमत नसते. आधी माहीत असतं, तर मी ती ओढणीवरून काढलीच नसती."

गोमतीबाईंच्या मुठीतले पैसे पिशवीत पडायचे थांबले.

"म्हन्जे बिनाभोकाची असती, तं काढली ते बराबर होतं."

"तसं नाही, ताई..."

"तसंच हाये. तुले माह्या मायचं काही वाटून नाही राह्यलं. तुले तुह्या अकोल्याच्या फुकट गेलेल्या फेरीचं वाटून राह्यलं."

रविकांत काहीतरी बोलू लागला, पण गोमतीबाई उठल्या होत्या. त्या घरातून सुंबा आणि हातोडा घेऊन आल्या, दगडापुढे बसल्या आणि कमरेची चिंधी सोडली. पैसा उन्हात तेलाने चमकला. त्यांनी तो मुकुटवाले तोंड वर करून दगडावर ठेवला.

"ताई, नका! एवढा एक नका!" रविकांत बाजेवरून उठला, पण गुडघ्याने दगा दिला आणि तो पुन्हा बसला. "तुम्हाला काय पाहिजे ते मागा. तुमच्या आईचं नाव लावतो त्या पैशाखाली. मोठ्या अक्षरांत लावतो."

"नाव पेटीत मेल्यावानी दिसते."

पहिल्या घावाला सुंबा घसरला आणि राजाच्या गालावर ओरखडा उठला. दुसरा घाव कपाळावर बसला. पैसा जाड होता. आणखी घाव घालावे लागले. खेमाने तोंड फिरवले. सुंबा आरपार जाऊन दगडावर आदळला, तेव्हा गोमतीबाईंनी फुंकर घालून कीस उडवला, भोकातून एकदा रविकांतकडे पाहिले आणि पैसा त्याच्या हातावर ठेवला.

"घेय. तू मागितला, म्या देल्ला. जा, लाव काचेत."

रविकांत तळहाताकडे पाहत राहिला. चहा आला होता, तो त्याने घेतला नाही. पैसा खिशात टाकून तो उभा राहिला.

"अन हे उचल," गोमतीबाईंनी पिशवीकडे बोट केले.

"राहू द्या ती. मला काय करायची!"

"उचल म्हणून राह्यली नं."

त्याने पिशवी उचलली. लंगडत तो जीपकडे गेला आणि त्याच्या प्रत्येक पावलाला पिशवी वाजत गेली. हातपंपावरच्या बायका जीप दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. खेमा शेताकडे निघून गेला.

या घटनेची चर्चा तांड्यात होळीपर्यंत चालली. कोणी म्हणाले, बरी जिरवली. कोणी म्हणाले, एवढे आरपार वैर बाईमाणसाला शोभत नाही. होळीच्या दुपारी रिंगण धरले गेले; अलीकडे बायका गाण्याला मोबाइलची साथ घेतात. गोमतीबाई दारात बसून होत्या. मांजरपाटाची जड ओढणी खांद्यावर होती आणि ती वाजत नव्हती. गंगूबाई नाचून दमून त्यांच्याजवळ येऊन टेकली. तिच्या मनात बरेच दिवस घोळत असलेले तिने शेवटी विचारले.

"गोमती, एक सांग. तो वाजणारे पैसे घेऊन दारात आला होता. तुह्या मायच्या ओढणीवानी ओढणी झाली असती, अन आज तू पुढं नाचली असती. ते बी घालवलं. त्याचा बी जीव जाळला. मंग आता तरी झालं काय तुह्या मनासारखं? आता तरी शांत झाली?"

गोमतीबाईंनी रिंगणावरची नजर काढली नाही.

"नाही झाली," त्या म्हणाल्या. "त्याच्या काचेतले बाकीचे अजून साबूत हायेत."